दादाजानच्या पेटीतली हज नोट: जुन्या नोटा ओळखायच्या कशा आणि त्यांचा दर्जा ठरतो कसा

रिझर्व्ह बँकेने काढलेली शंभर रुपयांची एक जुनी हज नोट २०२४ साली लंडनच्या लिलावात सुमारे ५६ लाख रुपयांना गेली. बातमी मोबाईलवर फिरली आणि त्यानंतर नागपुरातल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या असतील. मला स्वतःला ओळखीच्या लोकांचे फोन आले. कुणाकडे ७८६ची नोट, कुणाकडे ट्रॅक्टरवाली पाचाची, कुणाकडे निजामाची. एका भाभींचा फोन मात्र लक्षात राहिला. त्यांच्या सासऱ्यांनी जहाजाने हज केला होता आणि त्यांच्या वहीत एक निळी नोट ठेवलेली होती. त्या म्हणाल्या, "भाईजान, नोट जरा चुरगळली होती, म्हणून मी इस्त्री करून ठेवली."

इथेच सगळी गोष्ट आहे. जुनी नोट किती दुर्मीळ आहे हा अर्धा प्रश्न. ती कोणत्या अवस्थेत आहे हा उरलेला अर्धा, आणि बाजारात बहुतेक वेळा तोच जास्त वजनदार ठरतो. आपण काळजी म्हणून जे करतो त्यानेच नोटेचं सर्वात जास्त नुकसान होतं. कॉलेजात असताना मी स्वतः आजोबांची सहाव्या जॉर्जची पाचाची नोट लॅमिनेट करून आणली होती. आज ती नोट माझ्याकडे आहे, पण संग्राहकाच्या लेखी ती संपलेली आहे.

हज नोट म्हणजे नेमकं काय

स्वातंत्र्यानंतरही कुवेत, बहरीन, कतार, आजची अमिराती आणि ओमान या भागात भारतीय रुपयाच चालायचा. दुकानात, बाजारात, पगारात आपलीच नोट. पण त्याच वाटेने सोन्याची चोरटी आयात वाढली. चोरून आलेल्या सोन्याचे पैसे रुपयांत तिकडे जात, तिथल्या बँका ते रुपये रिझर्व्ह बँकेकडे आणून पौंड मागत आणि भारताची परकीय गंगाजळी आटत जाई. म्हणून १९५९ साली कायद्यात दुरुस्ती करून फक्त देशाबाहेर चालतील अशा वेगळ्या नोटा काढल्या. आखातासाठीच्या नोटांच्या क्रमांकाआधी इंग्रजी झेड हे अक्षर असे आणि रंगही आपल्या नोटांपेक्षा वेगळे असत. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचं चलन आणलं. १९६६ च्या जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केल्यावर उरलेल्यांनीही तो हळूहळू सोडला. सर्वात शेवटी, १९७० मध्ये, ओमानने.

त्याच सुमारास हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा आल्या. क्रमांकाआधी इंग्रजी एच आणि ए ही अक्षरं, ही त्यांची पहिली ओळख. दहाची नोट निळी, आणि त्या काळी देशात चालणाऱ्या जांभळट दहापेक्षा लगेच वेगळी दिसणारी. हिंदुस्थानात ही नोट चालत नसे. जाताना आपल्या रुपयांच्या बदल्यात ती घ्यायची आणि हिजाजमध्ये रियालमध्ये बदलायची. वऱ्हाड-नागपूरचे हाजी तेव्हा रेल्वेने मुंबई गाठत आणि तिथून मोगल लाइनच्या जहाजाने जिद्दाह. नागपूरहून थेट विमान ही फार पुढची सोय.

आता विचार करा. बहुतेक नोटा हिजाजमध्ये बदलल्या गेल्या, तिथून त्या रिझर्व्ह बँकेकडे परतल्या आणि रद्द झाल्या. मागे राहिल्या त्या थोड्याच, कुणाच्या वहीत, कुणाच्या इहरामच्या घडीत. दुर्मिळता आली ती यातून.

दोन गोष्टींशी तिची गल्लत होते. पाकिस्ताननेही आपल्या हाजींसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्यावर पाकिस्तानचं नाव आणि हज यात्रेकरूंसाठी असल्याचा मजकूर असतो. आणि सौदी अरबच्या मॉनेटरी एजन्सीने १९५३ पासून 'हाजींच्या पावत्या' काढल्या, ज्या प्रत्यक्षात नोटेसारख्याच चालल्या. त्यांवर अरबीबरोबर उर्दू, फारसी, इंग्रजीतही मजकूर आहे. उर्दू दिसली म्हणून ती भारतीय हज नोट होत नाही. या दोन्ही वस्तू जमवण्यासारख्या आहेतच, फक्त भाव वेगळे.

आपल्या भागातल्या इतर नोटा

हज नोट सगळ्यांच्या घरी निघणार नाही. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या घरांत काय काय निघू शकतं ते माहीत असावं.

सरकारी कागदी चलन सुरू झालं १८६१ च्या कायद्याने. आधी राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या नोटा आल्या, त्यांच्या नकला फार झाल्या, म्हणून १८६७ पासून एकाच बाजूला छापलेल्या नव्या नोटा निघाल्या. गंमत अशी की त्या काळी नोट देशभर चालत नसे. देशाचे 'सर्कल' पाडले होते आणि ज्या सर्कलची नोट तिथेच तिचे चांदीचे रुपये मिळत. बाहेर गेलात तर बट्टा द्या. सुरुवातीच्या दशकांत नागपूर आणि अकोला ही नावं छापलेल्या नोटाही निघत. अशी नोट आज कुणाला सापडली तर त्याने आधी खाली बसून पाणी प्यावं, मग कुणाला तरी दाखवावी. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास, शंभरच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर चालू झाल्या.

पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली, म्हणून १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये एक रुपयाची नोट आली आणि पाठोपाठ अडीच रुपयांचीही! नोटेवर छापलंय 'दोन रुपये आठ आणे'. १९२६ च्या सुरुवातीला दोन्ही बंद झाल्या. याच टंचाईमुळे इंग्रजांनी हैदराबादच्या निजाम सरकारला नोटा काढू दिल्या. १९१८ मध्ये दहा आणि शंभर, पुढच्या वर्षी एक आणि पाच, १९२६ मध्ये हजार. उस्मानिया सिक्का या चलनाच्या या नोटांवर मुख्य मजकूर उर्दूत आहे आणि सोबत मराठी, तेलुगू, कानडीही. मराठवाडा त्या राज्यात होता, त्यामुळे नांदेड, परभणी, औरंगाबादशी सोयरिक असलेल्या नागपूरच्या घरांतही त्या निघतात.

रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली, पण तिची पहिली नोट १९३८ च्या जानेवारीत आली. सहाव्या जॉर्जची पाचाची, जे. बी. टेलर यांच्या सहीची. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. त्यांच्या सहीची नोट कुणी विकायला आणली तर चहा पाजून परत पाठवा. टेलरनंतर आले चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर. गव्हर्नर होण्याआधी ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात सनदी अधिकारी होते, म्हणजे नागपूरचेच म्हणायला हरकत नाही. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानसाठीही रिझर्व्ह बँकच नोटा काढत होती. त्या भारतीय नोटांवरच 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं इंग्रजी-उर्दूत छापलेलं असे.

एक मात्र अगदी शेजारची. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या २, ५, १० आणि १०० च्या नोटा निघाल्या. त्यात बापू बसलेले आहेत आणि मागे सेवाग्राम आश्रम आहे. नोटेवर गांधीजी पहिल्यांदा आले ते आपल्या वर्ध्याच्या पार्श्वभूमीवर. यातल्या छोट्या रकमेच्या नोटा अजून परवडतात. नव्या संग्राहकाने इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

दर्जा बघायचा कसा

जगभर नोटेची अवस्था सांगण्यासाठी ठरलेले शब्द आहेत आणि आपले व्यापारीही तेच इंग्रजी शब्द वापरतात. वरून खाली असे: अनसर्क्युलेटेड म्हणजे चलनात न गेलेली, अबाउट अनसर्क्युलेटेड, एक्स्ट्रीमली फाइन, व्हेरी फाइन, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. ऐकायला 'गुड' चांगलं वाटतं, पण गुड म्हणजे जवळपास चिंधी. 'व्हेरी गुड' ऐकून खूश झालेले लोक मी पाहिलेत. अमेरिकेतल्या पीएमजीसारख्या संस्था हेच सत्तर गुणांत सांगतात. साठच्या वर म्हणजे न वापरलेली, पासष्टच्या वर जेम, पन्नास ते अठ्ठावन्न अबाउट अनसर्क्युलेटेड, चाळीस-पंचेचाळीस एक्स्ट्रीमली फाइन, वीस ते पस्तीस व्हेरी फाइन, बारा-पंधरा फाइन. कागद मूळ रूपात, काही छेडछाड न केलेला असेल तर आकड्यापुढे ईपीक्यू अशी अक्षरं लागतात. ही तीन अक्षरं फार महाग आहेत.

घरी बघायचं तर सकाळी खिडकीशी बसा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. नोट कडेने धरा, मधे बोट नको. आधी समोरून पाहा, मग तिरपी धरून, मग उजेडाकडे धरून.

तिरपी धरली की घड्या बोलतात. नोट नुसती वाकली होती आणि कागदाचा तंतू तुटला नाही, तर ती लहर. कागद मोडून रेघ उमटली की घडी. घडीवरची शाई निघून पांढरी रेघ दिसू लागली की ती पक्की घडी. मध्ये एकच हलकी घडी असेल तर नोट अबाउट अनसर्क्युलेटेडमध्ये राहू शकते. दोन-तीन घड्या पण कागद कडक, तर एक्स्ट्रीमली फाइन. चार घड्या, थोडा मळ, पण अजून जीव आहे, तर व्हेरी फाइन. कागद मऊ पडला, फडक्यासारखा लोंबतो, पण फाटलेला नाही, तर फाइन. त्याच्या खाली फाटलेल्या कडा, भोकं, डाग सुरू होतात. कोपरे टोकदार आहेत की गोल झालेत हे वेगळं बघा. गोल कोपरा कधीच खोटं बोलत नाही.

हलकेच हलवून आवाज ऐका. नवी राहिलेली जुनी नोट करकर वाजते. इस्त्री केलेली वाजत नाही, ती गप्प असते. इस्त्रीने घडी डोळ्यांना कमी दिसते, पण छपाईचा उठाव चपटा होतो. खऱ्या नोटेवर बोट फिरवलं की शाई जराशी उंच लागते. सपाट लागली तर समजायचं, दाबलेली आहे. अनुभवी डोळा हे दोन मिनिटांत ओळखतो आणि भाव पाडतो.

उजेडाकडे धरली की भोकं दिसतात. इथे आपल्या देशाची एक खासियत आहे. बँका नोटांची गड्डी जाड पिनांनी टाचून देत. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते थांबवायला सांगेपर्यंत हे चाललं. त्यामुळे कधीही न वापरलेल्या जुन्या भारतीय नोटेलाही डाव्या बाजूला पिनेची भोकं असतात. परदेशी संस्थाही हे जाणतात, आणि भोकं मुळातलीच आहेत अशी नोंद करून नोटेला वरचा दर्जा देतात. म्हणून पिनेच्या भोकांनी घाबरू नका. ती भोकं कागदाचा लगदा भरून बुजवलेली दिसली तर मात्र घाबरा, कारण दुरुस्त केलेली नोट दुरुस्ती न सांगता विकणं ही सरळ फसवणूक आहे. आणखी एक देशी रोग म्हणजे कॅशियरने जलचिन्हाच्या पांढऱ्या जागेत पेनाने लिहिलेली गड्डीची बेरीज. तिने दर्जा खाली जातो. ती रबराने खोडायला गेलात तर आणखी खाली.

एकोणिसाव्या शतकातली नोट मधोमध कापून जोडलेली असेल तर तीही लगेच टाकून देऊ नका. चोरीच्या भीतीने लोक नोटेचे दोन तुकडे करत, एक तुकडा टपालाने आधी पाठवत आणि तो पोहोचल्याचं कळलं की दुसरा. किंमत कमी होते, पण तो तिच्या प्रवासाचा पुरावा आहे.

धुतलेली नोट ओळखायला छोटा यूव्ही दिवा पुरतो. कपड्यांच्या पावडरीत चमक आणणारं रसायन असतं. त्याने धुतलेला जुना कागद दिव्याखाली निळसर उजळतो. न धुतलेला निस्तेज राहतो.

आणि ७८६?

आपल्या घरात हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. बरकत म्हणून कुणी पाकिटात ७८६ची नोट ठेवतो, तो ज्याचा त्याचा मामला. पण दुर्मिळता हिशोबाने बघू. एका मालिकेत १ ते १० लाख क्रमांक धरले तर शेवटी ७८६ असलेल्या नोटा एक हजार येतात. सहा आकड्यांत कुठेही सलग ७८६ असलेल्या मोजल्या तर ३,९९९. म्हणजे साधारण दर अडीचशे नोटांमागे एक. आणि अशा मालिका असंख्य. मग ती लाखात कशी जाईल? ७८६७८६ हा पूर्ण क्रमांक मात्र मालिकेत एकदाच येतो. त्याला हौशी लोक थोडे जास्त पैसे देतात, तेही नोट कोरी असेल तर. पाकिटात दहा वर्षं मळलेली असेल तर बरकत तुमच्याकडेच राहू द्या. आकडा खरवडून आठाचा सहा करणारेही आहेत. भिंगातून आकड्याभोवतीचा कागद पाहा, तंतू उचकटलेले दिसतात.

ट्रॅक्टरवाली पाचाची नोट लाखांत घेतो सांगणारे फोन येतात त्यांचं गणित साधं आहे. आधी नोंदणीचे पैसे, मग कर, मग 'आरबीआयचं कमिशन'. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असले पैसे मागत नाही. खरा खरेदीदार तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा.

कायद्याचीही एक गोष्ट. २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा आठवण म्हणून दहापर्यंत ठेवता येतात, अभ्यास-संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर २०१७ च्या कायद्याने किमान दहा हजार रुपये दंड आहे, किंवा त्या नोटांच्या रकमेच्या पाचपट, यातला जो मोठा असेल तो.

नागपूरच्या हवेत सांभाळायची कशी

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, डिंक नको, इस्त्री नको. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चिकटतो. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात, ते कागद खराब करतात. पॉलिएस्टरची, मायलर म्हणतात ती पाकिटं घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा आपण कूलर लावतो, आणि त्याची ओली हवा ज्या कपाटावर येते तिथे नोटा ठेवल्या की पिवळे ठिपके पडायला सुरुवात होते. पावसाळ्यात कसर आणि वाळवी. पत्र्याची पेटी वाईट नाही, पण जमिनीला टेकवू नका आणि नोटांसोबत डांबरगोळ्या कोंबू नका. वर्षातून दोनदा, थंडीत आणि पावसाळा संपल्यावर, पाकिटं उघडून बघा.

विकायची वेळ आली तर घाई नको. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, मूळ नोट पहिल्याच भेटीत हातची सोडू नका, निदान तीन ठिकाणी भाव विचारा. शहरात अधूनमधून नाण्या-नोटांची प्रदर्शनं भरतात, तिथे बाहेरगावचे व्यापारीही येतात. परदेशी संस्थेकडून दर्जा लावून घ्यायचा खर्च लक्षात घेता तो फक्त खरोखर दुर्मीळ नोटेलाच परवडतो. मुंबईला जाणं झालं तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय पाहा. खरी नोट डोळ्यांनी पाहिलेली असली की बनावट ओळखणं सोपं जातं. आणि नोट वारसाहक्काची असेल तर भावा-बहिणींना आधी सांगा. भाव कळल्यावर सांगितलं की भांडणं होतात.

त्या भाभींची निळी नोट मी पाहिली. क्रमांकाआधी एच आणि ए, दोन्ही अक्षरं आहेत. इस्त्रीने ती चपटी झालीये, मध्ये पक्की घडी, एक कोपरा गेलेला. मी फाइन म्हणेन, कडक बोलायचं तर त्याहून एक पायरी खाली. तरी खरी आहे, आणि त्यांनी ती विकायची नाही असं ठरवलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की नोटेवर काही लिहू नका, वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून पाकिटाच्या मागे ठेवा. हज कुणी केला, कोणत्या साली, नागपूरहून सोबत कोण होतं. जहाजाचं नाव कुणाला आठवत असेल तर तेही.